अश्वगंधेची कॅप्सूल आणि रात्रपाळी: कोल्हापूरच्या रुग्णालयात ताणावरच्या वनौषधीची चाचणी कशी घ्यावी

नर्सिंग स्टेशनच्या ड्रॉवरमध्ये बी-कॉम्प्लेक्स आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांशेजारी आता अश्वगंधेची बाटलीही दिसायला लागली आहे. कुणाला मेडिकलवाल्याने सुचवलेली, कुणी रील बघून मागवलेली. ‘घेतल्यापासून झोप लागते बघ’ एवढ्या पुराव्यावर ती एका सिस्टरकडून दुसरीकडे जाते. फरक पडत असेलही. पण ज्या आठवड्यात बाटली सुरू झाली त्याच आठवड्यात नाईट संपून मॉर्निंग लागली असेल, तर झोप कॅप्सूलने आली की रोस्टरने, हे सांगणार कोण?

रीतसर चाचणी घेऊन हे शोधू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. प्रबंधाचा विषय शोधणारे निवासी डॉक्टर, एमएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थिनी, आयुर्वेद महाविद्यालयातले वैद्य, सगळ्यांना तो चालेल. उदाहरण अश्वगंधेचं घेतलं आहे, ब्राह्मी किंवा तुळस घेतली तरी पायऱ्या जवळपास त्याच. माझं मत आधीच सांगून टाकतो: आरोग्य कर्मचाऱ्यांवरची अशी चाचणी बिघडते ती औषधापेक्षा ड्युटीच्या वेळापत्रकामुळे. त्यामुळे आराखड्याला बसताना वनौषधीचं पुस्तक उघडण्याआधी मेट्रनच्या टेबलावरचं रोस्टर मागून घ्या.

प्रश्न एका वाक्यात बसवा

‘अश्वगंधेने ताण कमी होतो का’ हा प्रश्न चाचणीच्या कामाचा नाही. कामाचा प्रश्न असा दिसतो: फिरती पाळी करणाऱ्या २१ ते ५५ वयाच्या परिचारिकांना अश्वगंधेच्या मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा ८ आठवडे दिला, तर तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी कॅप्सूलच्या तुलनेत ताण मोजणाऱ्या पीएसएस-१० या प्रश्नावलीतला त्यांचा गुण ८व्या आठवड्याच्या शेवटी कमी असतो का? कोण, काय, किती, किती दिवस, कशाच्या तुलनेत, कशाने मोजून, हे सगळं त्यात आलं. मुख्य मोजमाप एकच ठेवा. झोप, थकवा, रक्तातलं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक) वगैरे दुय्यम. पाच मुख्य मोजमापं ठेवली की एखाद्यात तरी योगायोगाने फरक दिसतोच, आणि मग तोच मथळ्यात जातो.

कॅप्सूलमध्ये नेमकं काय आहे

या पायरीवर घाई करू नका. अश्वगंधा, आपल्याकडचा आस्कंद, म्हणजे विथानिया सोम्निफेरा. वांगी-बटाट्याच्या कुळातली ही वनस्पती. औषधात वापरायचं ते मूळ. पानांत विथाफेरिन-ए हा घटक जास्त असतो आणि पानं स्वस्त पडतात, म्हणून मुळाच्या नावाखाली पानांची भेसळ होते. आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना पानं वापरू नका असं बजावलं होतं. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारातून आलेला माल असो वा स्थानिक व्यापाऱ्याकडचा, पुरवठादाराच्या शब्दावर विसंबू नका.

कच्च्या मुळाचा नमुना ओळख पटवण्यासाठी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागासारख्या ठिकाणी दाखवा. नमुन्याला क्रमांक घ्या आणि तो जपून ठेवा. तयार अर्क विकत घेत असाल तर त्या विशिष्ट बॅचचा विश्लेषण अहवाल मागा. त्यात एकूण विथॅनोलाइडचं (अश्वगंधेतल्या मुख्य घटकांचं) प्रमाण, ते कोणत्या पद्धतीने मोजलं, जिवाणू-बुरशीची तपासणी आणि जड धातू एवढं असलंच पाहिजे. जड धातूंच्या आयुर्वेदिक औषधकोशातल्या मर्यादा अशा: शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष. विक्रेत्याचा अहवाल हातात आला तरी एक बाटली स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवा. खर्च होतो, पण संपूर्ण चाचणीच्या मानाने तो किरकोळ आहे.

चूर्ण आणि अर्क यांची सरमिसळ करू नका. चूर्णाची परंपरागत मात्रा ३ ते ६ ग्रॅम. अर्काचे ३०० मिलिग्रॅम म्हणजे ३०० मिलिग्रॅम चूर्ण नव्हे. अहवालात ‘अश्वगंधा दिली’ एवढंच लिहिलं तर दुसऱ्या कुणाला ती चाचणी पुन्हा करता येणार नाही. वनौषधींच्या चाचण्यांसाठी २००६ साली कॉन्सॉर्टचा, म्हणजे चाचणीचा अहवाल कसा लिहायचा ते सांगणाऱ्या मार्गदर्शिकेचा, खास विस्तार आला. वनस्पतीचा भाग, अर्क काढायचा द्रावक, अर्काचं गुणोत्तर, प्रमाणीकरण असं काय काय लिहायचं ते त्यात आहे. प्रबंध लिहिताना न बघता तो आत्ताच समोर ठेवा.

आता बिनऔषधी कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो. अडचण वासाची आहे. घोड्याच्या वासावरूनच या वनस्पतीला नाव मिळालं, आणि वॉर्डात काम करणाऱ्यांची नाकं तीक्ष्ण असतात. दोन्ही कॅप्सूल अपारदर्शक आणि एकाच रंगा-आकाराच्या हव्यात. त्या एकाच कारखान्यात, आयुर्वेदिक औषधांसाठीच्या शेड्यूल टीप्रमाणे चालणाऱ्या विभागात भराव्यात. आत मक्याचा स्टार्च किंवा मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज. बाहेर लागलेली पूड पुसून घ्यायला सांगा. नंतर चाचणीशी संबंध नसलेल्या आठ-दहा जणांसमोर दोन्ही बाटल्या ठेवा आणि ओळखा म्हणावं. बहुतेकांनी बरोबर ओळखलं, तर कॅप्सूल पुन्हा बनवायची. कुणी कॅप्सूल उघडून चाखली तर इलाज नाही, पण तसं करू नका असं माहितीपत्रकात मोकळेपणाने लिहिता येतं.

कागदपत्रं: क्रम चुकवू नका

आधी संस्थेची नैतिकता समिती. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं तिला लागू आहेत: ७ ते १५ सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि त्यांत कायदा जाणणारी व सर्वसामान्य नागरिक असलेली व्यक्तीही हवी. २०१९च्या नव्या औषध व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार आरोग्य संशोधनाच्या समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे लागते. तुमच्या समितीची नोंदणी चालू आहे ना, हे अर्ज करतानाच विचारा. आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्यांसाठी आयुष विभागाची २०१३ची स्वतंत्र चांगल्या कार्यपद्धतीची मार्गदर्शिका आहे. आधुनिक वैद्यक महाविद्यालयात चाचणी असेल तर एक वैद्य सहसंशोधक म्हणून घ्या. औषधाबद्दलच्या निम्म्या शंका समितीत तिथेच मिटतात.

एक कायदेशीर फाटा इथे आहे. तुमची कॅप्सूल आयुर्वेदिक परवान्यावरची आहे, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखालचं पूरक आहे, की शुद्ध आणि प्रमाणित केलेला अंश म्हणून २०१५पासून आलेल्या ‘फायटोफार्मास्युटिकल’ या वर्गात मोडते? तिसऱ्या वर्गात मोडली तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागेल. हा निर्णय तोंडी घेऊ नका. समितीकडून लेखी घ्या.

समितीचं पत्र आलं की सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी. ती मोफत आहे, पण प्रश्नोत्तरांत वेळ जातो, तो धरून चाला. १ एप्रिल २०१८पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी चालते, म्हणजे पहिला सहभागी घेण्याआधी क्रमांक हातात पाहिजे. ‘समितीचं झालंय, चार जणांना घेऊन टाकू, नंबर येईलच’ हा मोह टाळा.

सहकाऱ्यांनाच सहभागी करून घेताना

आपल्याच रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवर चाचणी म्हणजे संमतीचा प्रश्न नाजूक. विभागप्रमुखांनी किंवा मेट्रनबाईंनी विचारलं की ‘नको’ म्हणणं अवघड होतं. म्हणून वरिष्ठांपैकी कुणीही भरती करायची नाही. बायोमेट्रिकच्या यंत्राशेजारी पत्रक लावा, वर एक फोन नंबर द्या, आणि तो फोन उचलणारी व्यक्ती दुसऱ्या विभागातली, जमल्यास दुसऱ्या संस्थेतली ठेवा. कोण सहभागी झालं, कोण मध्येच सोडून गेलं, कुणाचा ताण किती, हे प्रशासनाला कळणार नाही असं लेखी द्या आणि तसंच वागा. ताणाचे गुण ‘अमुक सिस्टर आयसीयूला झेपणार नाही’ म्हणून एकदा वापरले गेले, की त्या रुग्णालयात पुढची दहा वर्षं कुणी खरी प्रश्नावली भरणार नाही.

आरोग्य कर्मचारी म्हणजे फक्त डॉक्टर आणि नर्स नव्हेत. वॉर्डातल्या मावशी आणि मामा, कंत्राटी सफाई कामगार, १०८ रुग्णवाहिकेवरचे चालक, लॅबचे तंत्रज्ञ यांचा ताण कुणी मोजत नाही. सगळ्यांना एकाच छोट्या चाचणीत कोंबलं तर मात्र आकडे विखुरतात. पहिल्या चाचणीत एकच गट घ्या. पण तो कोणता, हे सोयीवरून ठरवू नका. चतुर्थश्रेणीचा गट घेतलात तर प्रश्नावली वाचून दाखवावी लागेल. जिथे संमतीपत्रावर अंगठा आहे तिथे टीमबाहेरचा साक्षीदारही लागेल. संमतीपत्राचं मराठी आपण घरी बोलतो तसं असावं.

वगळायचं कुणाला, याची यादी वरवर करू नका. गरोदर, बाळाला पाजणाऱ्या आणि चाचणीच्या काळात गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रिया. थायरॉइडची गोळी घेणारे, कारण अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरकं वाढल्याची उदाहरणं आहेत. यकृताचा आजार असलेले, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेणारे, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, ऑटोइम्यून आजार असलेले. मधुमेह आणि रक्तदाबाच्या औषधांवर असलेल्यांबाबत वैद्य आणि फिजिशियन दोघांनी बसून ठरवावं. गेल्या तीन महिन्यांत अश्वगंधा घेतलेलेही बाहेर. हे मात्र थेट विचारावं लागतं, कारण काही च्यवनप्राशांत आणि ‘पॉवर’च्या पुड्यांतही ती असते.

किती जण लागतील

हैदराबादच्या ज्या चाचणीचा दाखला सगळे देतात, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. ६४ प्रौढ, ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस. अश्वगंधेच्या गटाचा पीएसएस गुण ४४ टक्क्यांनी खाली आला, प्लासिबोच्या गटाचा ५.५ टक्क्यांनी. एवढ्या मोठ्या फरकावर तुमची संख्या काढू नका. छोट्या चाचण्यांत दिसलेले मोठे फरक पुढे सहसा आकसतात. शिवाय प्लासिबो गट जवळजवळ हललाच नाही हेही थोडं विचारात पाडणारं आहे.

त्याऐवजी उलट बाजूने या. पीएसएस-१०चा गुण ० ते ४० असतो. किती गुणांनी कमी झाला तर माणसाला फरक जाणवेल, हे आधी ठरवा. ४ गुण धरू. प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत ते) ६ धरू, प्रत्यक्षात मात्र ते आपल्याच रुग्णालयातल्या छोट्या पाहणीतून काढा. ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) घेतली तर त्या दोन्हींतून ७.८४ हा आकडा येतो आणि एका गटाचं गणित असं: २ × ७.८४ × ३६ ÷ १६ = ३५.३, म्हणजे ३६. वीस टक्के गळती धरली तर ३६ ÷ ०.८ = ४५. दोन गट मिळून ९० जण. फरक ३च गुणांचा धरलात तर तोच आकडा गटामागे ७९ आणि एकूण १५८ होतो. प्रबंधाच्या मुदतीत १५८ जण जमणार नसतील तर एका रुग्णालयाचा हट्ट सोडा. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, खासगी वैद्यक महाविद्यालय, इचलकरंजी-गडहिंग्लजकडची रुग्णालयं अशी दोन-तीन ठिकाणं एकत्र आणता येतात. फक्त प्रत्येक ठिकाणच्या समितीची मंजुरी लागेल.

वाटप

कोणाला कोणती बाटली, हे संगणकाने ठरवावं. चार आणि सहाच्या बदलत्या गठ्ठ्यांत (प्रत्येक गठ्ठ्यात दोन्ही बाटल्या सारख्याच), आणि रुग्णालयानुसार व रात्रपाळी असणारे-नसणारे यांनुसार वेगळं वाटप काढा. यादी फार्मसी कॉलेजातल्या एखाद्या अशा शिक्षकाकडे ठेवा ज्यांचा सहभागींशी संबंध नाही. बाटल्यांवर फक्त क्रमांक. ‘या सिस्टर फार दमलेल्या असतात, यांना खरी मिळू दे’ ही सदिच्छा चाचणी बुडवते. यादी टीमच्या हाताला लागता कामा नये, ती एवढ्यासाठी. तातडीच्या प्रसंगी उघडायला प्रत्येक क्रमांकाचा सीलबंद लिफाफा मात्र तयार असावा.

कोल्हापूरचं कॅलेंडर

पुस्तकात न मिळणारा भाग हाच. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पाण्याकडे सगळ्यांचे डोळे असतात. २०१९ आणि २०२१ला महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. अशा वेळी जे रुग्णालयात असतात ते डबल ड्युटी करतात, ज्यांना पोचता येत नाही ते घरी अडकतात, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्या पीएसएसचा औषधाशी काही संबंध उरत नाही. त्यातच डेंग्यू आणि तापाची गर्दी. मग गणपती, मग अंबाबाईचा नवरात्रोत्सव आणि त्याचा बंदोबस्त-वैद्यकीय पथकं, मग दिवाळीच्या रजांवरून होणारी ओढाताण. चैत्रात जोतिबाची यात्रा.

माझा सल्ला असा की भरती दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू करा आणि शेवटची मोजणी मार्चअखेरच्या आत संपवा. दोन्ही गट त्याच काळात चालतात म्हणून ऋतूचा परिणाम समान वाटला जातो, हे खरं. पण गळती समान वाटली जाईलच असं नाही, आणि एवढ्या गदारोळात ४ गुणांचा फरक हरवून जातो. तपासणी पथकाची तारीख जाहीर झाली असेल तर तीही भिंतीवर लिहून ठेवा. त्या पंधरवड्यात कुणालाही प्रश्नावली देऊ नका.

मोजायचं कसं, आणि कोणत्या दिवशी

पीएसएस ही शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेली प्रश्नावली. दहा प्रश्नांची आवृत्ती शैक्षणिक कामाला मोफत मिळते. ती ‘गेल्या महिन्याभरात’ असं विचारते, म्हणून दर आठवड्याला भरून घेण्यात अर्थ नाही. सुरुवातीला, ४थ्या आणि ८व्या आठवड्यात एवढं पुरे. ४, ५, ७ आणि ८ हे चार प्रश्न उलट्या गुणांचे आहेत. डेटा भरणाऱ्याने ते उलटे केले का, हे पहिल्या दहा फॉर्मवर हाताने तपासा. मराठी आवृत्ती वापरताना ती तपासून घेतलेली आहे याची खात्री करा. स्वतः भाषांतर करणार असाल तर दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घेऊन मूळ प्रश्नाशी ताडून पाहा. बर्नआउट मोजायचं असेल तर मॅस्लॅकची प्रश्नावली विकत घ्यावी लागते, कोपनहेगनची मोफत आहे.

आता रोस्टर. रात्रपाळी उतरून घरी जाणाऱ्याच्या हातात प्रश्नावली दिली तर उत्तर शेवटच्या रात्रीचं येतं, महिन्याचं नव्हे. प्रत्येक सहभागीची तिन्ही मोजमापं त्याच्या फेरीतल्या एकाच जागी घ्या, उदाहरणार्थ नाईट ऑफनंतरच्या दुसऱ्या मॉर्निंगला. त्यासाठी मोजणीच्या तारखेला मागे-पुढे ५ दिवसांची मुभा आराखड्यातच लिहून ठेवा. गेल्या २८ दिवसांत किती रात्रपाळ्या, किती डबल, कोणता वॉर्ड, हे रोस्टरवरून प्रत्येक वेळी नोंदवा. सहभागीच्या आठवणीवर सोडू नका. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजण्याचा उत्साह असेल तर जरा थांबा. ते सकाळी चढतं आणि दिवसभरात उतरतं, आणि ज्याची सकाळच दुपारी तीनला होते त्याचा नमुना कधी घ्यायचा, यावर वाद संपत नाहीत. पैसे असतील तर ते सहभागी वाढवण्यावर घाला.

कॅप्सूल ‘सकाळ-संध्याकाळ’ घ्या असं लेबलवर लिहू नका. नाईटवाल्याची सकाळ म्हणजे झोपायची वेळ. मुख्य जेवणानंतर एक आणि मुख्य झोपेआधी एक, असं सांगा. गुंगी येऊ शकते म्हणून रात्रपाळीला निघण्याआधीची कॅप्सूल टळते, आणि पहाटे दुचाकीवरून कागल किंवा हातकणंगल्याला जाणाऱ्यांसाठी ते महत्त्वाचं आहे.

८ आठवडे म्हणजे ११२ कॅप्सूल. दर ४ आठवड्यांनी ६०ची बाटली द्या, त्यातल्या ४ जादा. रिकामी असो वा भरलेली, बाटली परत आलीच पाहिजे. उरलेल्या मोजा. अगदी शून्य उरल्या असतील तर घरात आणखी कुणी घेतंय का, हे हसत-खेळत विचारून घ्या.

सुरक्षितता

‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य माहितीपत्रकात येता कामा नये. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. प्रमाण कमी असलं तरी निरोगी माणसाला आपण आपल्या प्रश्नासाठी हे देतोय, याचं भान हवं. सुरुवातीला, ४थ्या आणि ८व्या आठवड्यात यकृतासाठी एएलटी, एएसटी, बिलिरुबिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच या रक्ततपासण्या करा. एएलटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं, कावीळ, गडद लघवी किंवा अंगभर खाज दिसली, की कॅप्सूल बंद. हे थांबवण्याचे नियम आधी लिहिलेले असावेत. गंभीर घटना घडली तर २४ तासांत समितीला कळवायची.

दुसरा धोका ताणातूनच येतो. पीएसएससोबत पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली घेतलीत तर तिचा नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर तो फॉर्म फाइलमध्ये पडून राहता कामा नये. त्याच दिवशी कोण बोलणार, मानसोपचार विभागात कुणाकडे पाठवणार, हे पहिल्या सहभागीआधी ठरवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक माहितीपत्रकावर छापा.

आकडेमोड

यावर फार लिहीत नाही, संख्याशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. ज्याला जी बाटली दिली त्याला त्याच गटात मोजा, त्याने कॅप्सूल खाल्ल्या असोत वा नसोत. ८व्या आठवड्याच्या गुणाची तुलना सुरुवातीचा गुण आणि रात्रपाळ्यांची संख्या धरून करा. जॅमोवी किंवा आर ही मोफत साधनं पुरेशी आहेत. शेवटच्या भेटीत प्रत्येकाला ‘तुम्हाला कोणती मिळाली असं वाटतं’ हे विचारा आणि उत्तर छापा. आणि प्लासिबो गटाचा गुणही खाली आला तर दचकू नका: लोक फार ताणात असतानाच अशा चाचणीत नाव देतात, आणि तो शिगेचा ताण काही आठवड्यांत आपोआपही थोडा उतरतो. म्हणूनच तर दुसरा गट घेतला.

निकाल कुणाला सांगायचा

फरक निघो न निघो, सीटीआरआयवर निकाल टाका. प्रशासनाला अहवाल देताना एक तक्ता मुद्दाम जोडा: रात्रपाळ्यांची संख्या आणि पीएसएसचा गुण यांचा संबंध, दोन्ही गट मिळून. तो कार्यकारणभाव सिद्ध करणार नाही, ते तक्त्याखाली स्पष्ट लिहा. पण कॅप्सूलची बाटली रिक्त पदं भरण्यापेक्षा स्वस्त पडते, त्यामुळे व्यवस्थापनाला कॅप्सूलचा तक्ता आधी दिसतो. दुसरा तक्ताही त्याच पानावर असू द्या.

सहभागींची बैठक पाळी बदलायच्या वेळी, दुपारी दोनच्या सुमारास घ्या, म्हणजे उतरणारे आणि चढणारे दोघेही भेटतात. प्रत्येकाला त्याच्या बाटलीत काय होतं ते बंद पाकिटात द्या, सोबत त्याचे तिन्ही वेळचे यकृत आणि थायरॉइडचे अहवाल. ज्यांच्या टीएसएचमध्ये बदल दिसला त्यांची पुढची तपासणी कोण करणार आणि बिल कोण भरणार, हे पाकिटातल्या चिठ्ठीवर नाव-नंबरासह लिहिलेलं असावं.